काही न घडल्याचं बिल

"वर्षभरात काहीच झालं नाही,
मग पैसे कशाचे?"
पतपेढीचे अध्यक्ष खळदकर बिल उलटं करून बघतात,
मागे काही लिहिलंय का म्हणून.
काहीच झालं नाही, त्याचेच, मी म्हणते.
"आणि झालं असतं, तर दिले असते का आम्ही?"
चहा येतो, अर्धा कप.
चेक पुढच्या सोमवारी.

अकरा वर्षं हेच विकतेय:
न आलेला फोन,
न गोठलेला पडदा,
तिजोरीपर्यंत येऊन मागे फिरलेली पावलं,
जी कुणालाच ऐकू आली नाहीत.
कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझं ऑफिस,
खाली गुंजाळांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान.
सकाळी बिघडलेलं संध्याकाळी चालू होतं,
गिऱ्हाईक टकटक ऐकतं
आणि उभ्या उभ्या पैसे मोजतं.
मला हेवा वाटतो.

भोसरीच्या कारखान्यात आम्ही खोटी पत्रं पाठवली,
चाचणी म्हणून, रीतसर करार करून.
"दिवाळी बोनस जाहीर. रक्कम पाहण्यासाठी इथे दाबा."
साठातल्या एक्केचाळीस जणांनी दाबलं.
मीटिंगमध्ये मी लाल गोल दाखवले,
व्यवस्थापकांनी माना हलवल्या,
परतीच्या गाडीत माझ्या पोरांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.
दुसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या दगडू वाघेरेंचा फोन:
"मॅडम, पत्र खोटं होतं ते समजलं.
पण बोनस?"

अहवालात याला कुठल्या रकान्यात टाकायचं
ते शोधत बसले.
"माणूस हा साखळीतला सर्वात कच्चा दुवा."
तिसऱ्या पानावर, दर वर्षी, हेच वाक्य.
या वर्षी खोडलं.
मग करारात होतं म्हणून परत घातलं.

सात तारखेला पगार केले.
अन्वय हैदराबादला चाललाय, दुप्पट पैशांवर.
पेढे देताना म्हणाला,
"मॅडम, कुणावरही विश्वास ठेवायचा नाही
हे तुमच्याकडेच शिकलो."
मनापासून म्हणाला. पेढा चांगला होता.

आणि हेमलता पायगुडे.
पतपेढीच्या रोखपाल, निवृत्तीला दोन वर्षं.
पासवर्ड: दिनकर, पुढे जन्मतारीख.
आमच्या यंत्राने चार सेकंदांत फोडला.
"नवऱ्याचं नाव नका ठेवू ताई, कुणीही ओळखेल."
त्या कीबोर्डकडे बघत राहिल्या.
"कुणीही म्हणजे कोण?
सहा वर्षांत घरात कुणी त्यांचा विषय काढत नाही.
तोंडाने घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती.
इथे रोज दहा वाजता
बोटांनी नाव घेते."

नियम माझा होता.
किमान बारा अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह,
दर नव्वद दिवसांनी नवं.
मी पाठ करून उभी राहिले,
समोर भिंतीवर ठेवींच्या व्याजदराचा फळा,
मागे कळांचा आवाज.
सवयीने मोजल्या.
छप्पन्न.
अख्खा उखाणा असावा.
यंत्र तीन आठवडे झटतंय,
अजून फुटलेला नाही.
मी अहवालात लिहिलं: उत्तम.
नव्वद दिवसांची अट त्यांच्यापुरती
कशी काढली ते कुणाला सांगणार नाही.

रात्री पावणेतीनला वारज्याला पोचते.
कुणाचा तरी सर्व्हर, कुठलं तरी इस्पितळ,
शेवटी काही झालं नाही.
फाटकावर लिंबाजी वही पुढे करतात.
नाव, वेळ, सही.
"अजून ओळखत नाही का हो मला?"
"मी ओळखतो की. वही नाही ओळखत."
सही करताना नजर शेवटच्या रकान्यावर जाते.
शेरा. पानभर तिरप्या अक्षरात
काही नाही
काही नाही
काही नाही
आणि मधेच, मंगळवारी, पहाटे चारला:
मीटरखोलीमागे कुत्री व्याली. तीन पिल्लं.