कमाईची क्षमता

तर्जनी, मुळापासून : चौदा टक्के.
मधलं बोट : बारा.
अनामिका, जिला कुणी नावसुद्धा ठेवलं नाही,
तिलाही दर आहे : सात.
अंगठा तीस. अंगठ्याचा मान
सहीच्याही आधीपासूनचा.

एकोणीस वर्षं हा तक्ता वाचतोय
सातपूरच्या कचेरीत, पंख्याखाली,
गोदेतला एक गोटा कागदांवर ठेवून.

आज हिरामण गांगुर्डे.
पॉवर प्रेस, दुसरी पाळी.
सेन्सर काढून ठेवला होता, नग वाढावेत म्हणून.
नंतर तो खणात सापडला,
फडक्यात गुंडाळलेला, नवाकोरा.

सोबत मालकांचे भाचे. चार बुकं वाचलेले.
म्हणाले, ‘देह म्हटला की इजा आलीच, भाऊसाहेब.
आपण सगळेच शेवटी कातडीचे.’

खरंय.
त्यांच्याही हनुवटीवर कापसाचा ठिपका होता,
सकाळी दाढी करताना लागलेलं.
बोटं मोजली मी. सवयच आहे. दहा.
कातडी सगळ्यांना सारखी मिळाली, मान्य.
सेन्सर तेवढे वाटपात कमी पडले.

पण हे लिहायला जागा नाही.
रकाना एकच : कमाईची क्षमता, किती गेली.

माझा मेहुणा नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
तो सांगतो, दहाची नोट फाटली
आणि अर्ध्याहून मोठा तुकडा शाबूत राहिला
तर बँक पुरते दहा देते. हुज्जत नाही.
कागदावर एवढी माया.

‘हात ठेवा.’
हिरामणने हात गोट्याशेजारी ठेवला.
तर्जनी नाही, मधलं नाही.
खोबरेलाचा वास आला.
‘जखमेला तेल लावता?’

‘जखमेला नाही. नातीच्या टाळूला.
दीड महिन्याची आहे. उडते ना अजून टाळू,
धरलेल्या चिमणीसारखी.
जोर किती लागतोय कळत नाही आता.
या तिघांना नव्यानं शिकवतोय
हळू कसं व्हायचं ते.’

चौदा अधिक बारा, सव्वीस. लिहिले.
पेन तिथेच राहिलं
आणि हात आपोआप डोक्यावर गेला,
केस विरळ झालेत त्या जागी.
इथेही कधीतरी काहीतरी उडत होतं.
हाड केव्हा भरलं, कुणी तेल घातलं,
किती सकाळी, कशाच्या बदल्यात,
नोंद सापडत नाही.

‘पुढचा,’ मी म्हणालो.
शिपाई हलला नाही.
आवाज निघालाच नसावा.