उणे अठ्ठावीस

आत आलात ना? आधी दार लावा.
आणि लॅपटॉप चालू करू नका.
बाहेर उणे अठ्ठावीस, आत माझी शेगडी;
तुमच्या चष्म्यावर आत्ता जी वाफ धरली
ती त्याच्याही पोटात धरते, फक्त दिसत नाही.
तासभर राहू दे पिशवीतच.
चहा घ्या. दुधाचा आहे, खारट.
उलानबातरात घाईने कुणाचं काही दुरुस्त झालेलं
मी तरी पाहिलं नाही.

हा कंटेनर माझा. पूर्वी यातून कोरियाचे बूट आले,
अजून उन्हाळ्यात रबराचा वास सुटतो.
हा कुंचला उंटाच्या केसांचा, भावाने गोबीतून आणलेला.
पंख्यातली काजळी याच्याइतकी कुणी काढत नाही.
लोक म्हणतात तापतो, आपोआप बंद पडतो,
व्हायरस असेल.
व्हायरस कसला!
ही बघा, चिमूटभर गेल्या वर्षीची थंडी,
कोळसा होऊन बसलेली.

रोग आधीच ठरवून येतात सगळे.
मी विचारते, बिघडायच्या आधी काय केलंत?
"काहीच नाही."
पडद्यावर काय आलं होतं?
"काहीतरी इंग्रजीत."
अहो, ते काहीतरीच तर मला हवं असतं.
फोटो काढत जा. जेवणाचे काढता की.

संदगदोर्ज ट्रकवाला दोनशे किलोमीटरवरून आला,
प्लग अर्धाच बसला होता.
मी पैसे घेतले नाहीत, त्याचाच त्याला राग आला.
वाळवलेल्या दह्याची पिशवी आपटून गेला टेबलावर.
दात असतील तर घ्या एक.

कधी कधी नुसतं चार्जर काढायचं,
बटण दाबून धरायचं, तीसपर्यंत मोजायचं.
मी रशियनमध्ये मोजते,
कारण शिकवणारा तसंच मोजायचा.
मराठीत, मंगोलीत, कशातही मोजा,
फक्त अठराला सोडून देऊ नका.

गेल्या मंगळवारी त्सेवेलमा बाई आल्या.
भूगोल शिकवायच्या, आता एकाहत्तर.
पासवर्ड चालेना. चाळीस वेळा घातलेला,
त्यांच्या लहानपणच्या घोड्याचं नाव.
"माझ्या बहिणीचं असंच सुरू झालं," म्हणाल्या,
"आधी किल्ल्या, मग गल्ली, मग आम्ही."
हातमोजे काढले नव्हते त्यांनी.

मी कोपऱ्यात बघितलं. दोन बारीक अक्षरं.
कीबोर्ड मंगोलीवर सरकला होता,
आणि घोडा इंग्रजी अक्षरांत बांधलेला.
पडद्यावर तर ठिपकेच उमटतात,
ठिपक्यांना कुठली आलीय भाषा?
दोन बटणं दाबली. म्हटलं, बाई, आता घाला.

उघडलं.
त्यांनी ते बंद केलं. पुन्हा घोड्याचं नाव घातलं.
उघडलं. पुन्हा बंद.
चार वेळा.
मी शेगडीकडे तोंड करून
उगाच राख ढवळत बसले.

तर, पासवर्ड लागला नाही की आधी कोपरा बघा,
स्वतःला नंतर बघा.

फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक घराबाहेर.
हे मी रोज सांगते. त्या खालच्या खणात
माझीच एक डिस्क आहे, सुरू केली की टकटक करते.
आईचा आवाज आहे तिच्यात, साडेतीन मिनिटं,
मेंढी कशी धरायची ते सांगतानाचा.
दुसरीकडे ठेवायचा राहून गेला.
टकटक करणारी डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नये,
म्हणून मी बघत नाही.
कुणी सांगतं, फ्रीजरमध्ये ठेव, चालेल.
इथे अख्खं शहर फ्रीजर आहे, भल्या माणसा,
त्यात कुणाचं काय वाचलं?

झाला वाटतं तास.
हात लावून बघा. गार नाही ना?
आणा इकडे.
आणि आता खरं सांगा,
बिघडायच्या आधी काय केलंत?