होगली, इर्ली

कंग्राळकर मामा दुकानात आले ते फोन पिशवीतून काढत,
आजारी कोंबडी दाखवायला आणावी तसे.
"सकाळपास्नं एकच रड लावलंय, बघ की."
पडद्यावर कानडीत दोन ओळी:
जागा संपत आली आहे. काही गोष्टी चालणार नाहीत.
वडगावात हे कुठल्याही भाषेत खरंच आहे,
पण मी बोललो नाही. पिन लावली, चहा सांगितला.

फोन रूट केलेला. पुतण्याचं काम.
तो आता वेर्ण्याला, कारखान्यात पाळीवर.
जाताना काकाला सगळे अधिकार देऊन गेला,
ते कुठं वापरायचे तेवढं सांगायचं राहिलं.

मामांनी आपल्या परीनं उपाय केले होते.
फुलांवरच्या शुभ सकाळी पुसल्या, भावकीतलं लग्न पुसलं,
कंपनीनं आधीच घालून दिलेले खेळ
मुळासकट उपटले. आकडा जागचा हलेना.
म्हटलं, मामा, ते सिस्टिमच्या वाट्यातलं.
तिथं निम्मं रान पडीक असलं तरी आपल्याला मिळत नाही.
मधली रेघ कारखान्यातच मारलीय.
"कुणी?"
आता काय सांगणार.
"आम्हाला इचारलं न्हाई कुणी,"
म्हणत त्यांनी चहा बशीत ओतला.

काळा पडदा उघडला. दोन अक्षरं, एस आणि यू.
परवानगी देऊ का, फोननं विचारलं. दिली.
डॉलर गेला, जाळीची खूण आली,
आता हा मला कुठल्याच दारात अडवणार नाही.

टॉम्बस्टोन्स नावाचा एक फोल्डर असतो.
अ‍ॅप कोसळलं की शेवटच्या क्षणाची नोंद तिथं पडते.
मामांच्या फोनात अशी दहा थडगी. पुसली.
काही सुटलं नाही. थडग्यांना जागा फार लागत नाही.

मग एकेका फोल्डरचं वजन करत गेलो,
आणि एकावर काटा थांबला: नऊ जीबी.
कॉल रेकॉर्डर. पुतण्यानं सुरू करून ठेवलेला.
साडेतीन वर्षं, प्रत्येक कॉल, दोन्हीकडचे आवाज.

मामा गप्प. मग म्हणाले, "लाव बघू."

इचलकरंजीचा सूतवाला, भाव सांगताना खोकणारा. "होगली."
शहापूरचा सावकार, मराठीत सुरू होऊन
रकमेपाशी आला की कानडीत शिरणारा. "होगली, होगली."
चुकून लागलेला गोकाकचा कुणी,
मामा त्याला "ऊट आयता?" विचारतात,
तोही जेवलो म्हणतो आणि काय जेवलो ते सांगतो.
मामा हसले. "होगली."
दर वेळी हात असा, कापडावरची कुसं झटकावी तसा.

मग एक, साडेचार मिनिटांचा, कुणी न बोललेला.
खटाक् खट. खटाक् खट.
खिशातल्या खिशात लागलेला कॉल.
पलीकडचा माणूस दोनदा हॅलो म्हणतो आणि थांबतो,
का कुणास ठाऊक, ठेवत नाही.
मामा काउंटरवर बोट आपटत होते, बरोबर ठेक्यात.
"आता धागा तुटतंय बघ."
तुटला. माग थांबला. पोकळी,
पायांचा आवाज, एक शिवी, आणि परत
खटाक् खट.

चारही माग किलोच्या भावानं गेले, दोन दिवाळ्या झाल्या.
गाळ्यात आता कुणीतरी पाण्याचे जार ठेवतो.

"इर्ली," मामा म्हणाले.
आठ एमबी. ठेवला.
बाकीचं साफ केलं, रेकॉर्डर बंद केला,
कानडीतल्या त्या दोन ओळी गेल्या.

पन्नास सांगितले, चाळीस दिले.
पायरी उतरून परत वर आले.
"ती मधली रेघ म्हणालास की. पुसता येतीय काय ती?"
येते, म्हटलं. पण आतलं सगळं जातं, मामा.

त्यांनी थोडा वेळ फोनकडं बघितलं.
"मग इर्ली,"
आणि फोन पिशवीत, कोथिंबिरीखाली.