खोड

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागल्या बोळात
बाबालाल शिकलगाराचं लेथ मशीन होतं.
बोर्डावर लिहिलेलं : पंपाचे पार्ट मिळतील.
पंपाचा पार्ट मिळालेला माणूस
मला आजतागायत भेटलेला नाही.

तिथं मिळायची शिट्टी,
जी पैसे खाल्लेल्या पंचाच्या तोंडात
वाजायची नाही, नुसती हसायची.
तिथं मिळायची करेलाची जोडी,
खोटं बोलून घुमवली की वजनानं दुप्पट.
एका वस्तादानं ती आठवड्यात परत आणून दिली,
कारण सांगितलं नाही.
आणि खिळ्यांचे बूट, धावणाऱ्या पोरींसाठी :
मागून कुणी नाव ठेवलं की पुढं जोर लावणारे.
राधानगरीकडची एक पोर ते घालून धावली,
गावानं एवढी नावं ठेवली
की ती थेट पोलिसात भरती झाली.

प्रत्येक वस्तूत तो एक खोड ठेवायचा. मुद्दाम.
‘‘बिनखोडीची वस्तू मेलेली असतीया,’’
बिडाचा कीस फुंकत म्हणायचा,
‘‘आणि बिनखोडीचा माणूस
माझ्या दारात कशाला येईल?’’

मी सात वर्षं पेठेचा राखीव गोलकीपर.
बाकाचा हिरवा रंग माझ्या चड्डीला चढलेला.
हातमोजे मागायला गेलो
तर माप घेतलं नाही त्यानं,
विचारलं, ‘‘हातातनं काय काय सुटलंय?’’
आयटीआयचं दुसरं वर्ष, म्हटलं.
थोरल्या भावाशी बोलणं.
आणि कळंब्याच्या तलावात वडिलांचं घड्याळ.
त्यानं फक्त घड्याळाची कंपनी विचारली.

मोजे म्हशीच्या कातड्याचे,
वास गुळव्याच्या हातासारखा.
खोड कुठली, सांगितली नाही.

फायनलला आमचा कीपर दहाव्या मिनिटाला लंगडला.
शेवटी पेनल्टी.
समोर विज्या खराडे, पलीकडच्या पेठेचा,
ज्याच्या उजव्या पायाला म्हाताऱ्या दृष्ट काढायच्या.
मारला त्यानं.
मी डावीकडं पडलो.
हात उजवीकडं गेले.

मग हलगी, गुलाल, खांदे.
चेंडू हातातच.
‘‘सोड की मर्दा,’’ लोक हसत म्हणाले.
दूधकट्ट्यावर पेला दुसऱ्यानं तोंडाला लावला.
चेंडू हातातच.
दोन दिवस बायकोनं घास भरवले,
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
‘‘झोपताना तरी ह्याला मधी घेऊ नका.’’

बाबालालनं मशीन बंदसुद्धा केलं नाही.
‘‘ज्याच्याकडनं घेतलंस
त्याच्याकडं जाऊन ये,’’ एवढंच.

विज्या उंबऱ्यावर बसलेला.
तीन दिवस शिरोलीची शिफ्ट चुकवलेली,
दाढी वाढलेली, पाय उघडे.
मी हात पुढं केले, चेंडूसकट.
बराच वेळ बघत राहिला.
‘‘तू तर डावीकडं पडला होतास.’’
‘‘होय.’’
‘‘मग?’’
‘‘हात गेले.’’
त्याला हसू फुटलं आणि
चेंडू टप्पकन खाली.
त्यानं तो बोळातच असा हाणला
की समोरच्या काकूंची शेवयांची खाट
वाळवणासकट आडवी.
दोघं मिळून पळालो, पेठ न बघता.

त्या उन्हाळ्यात मी भावाला फोन केला.
घड्याळ तळ्यातच आहे.

गेल्या साली बाबालाल गेला.
मोजे मी मुद्दाम घरी खुंटीला ठेवून गेलो,
म्हटलं, आज तरी नको.
मूठमातीची वेळ आली.
वाकलो, माती घेतली, हात पुढं केला.
कोरडी, लोखंडाचा वास असलेली माती.
मूठ उघडेना.
नुसता माझा हात, कातडं माझंच.
मागं रांग थांबलेली, ऊन चढलेलं,
कुणी काही बोलेना.
मग विज्या जवळ आला,
खांद्यावर हात ठेवून
हळूच म्हणाला,
सोड की मर्दा.