किल्ली आत

रात्री दोन चाळीस. साकीनाका.
काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
मूळ फाइलसिस्टिम जोडता येत नाही.
ठिकाण: अनोळखी ब्लॉक, शून्य, शून्य.
खाली, सरकारी पत्राच्या थंडपणानं,
कर्नल पॅनिक.

घाबरायला मुळात मशीनच नाही तिथे.
एका लोखंडी पेटीत अठरा जणं
आपापलं वेगळं घर असल्यासारखी राहतात,
पोटभाडेकरू सगळी.
हे सातवं, ससून डॉकच्या सोसायटीचं:
बर्फ, डिझेल, लिलावाचा हिशोब.
संध्याकाळीच मी त्याला जुन्या पेटीतून नव्या पेटीत हलवलं.
काही होत नाही, असं मीच म्हणालो होतो,
वडापाव खाता खाता.

फोन. दमयंती वैती.
"बोटी लागायला आल्या. बर्फ कुणाच्या नावावर टाकू?"
बघतोय, म्हटलं.
आमच्या धंद्यात या शब्दावर
माणसं निवृत्त होतात.

आधी वाटलं, डिस्क गेली.
रेस्क्यू आयएसओवरून उठवलं,
तर डिस्क जागच्या जागी,
एकोणीस सालापासूनचं एकेक पापलेट शाबूत.
मग ओळख क्रमांक ताडला, छत्तीस खुणा,
पडद्यावर बोट ठेवून, मोठ्यानं.
तिसऱ्या वेळी वॉचमन तिवारी डोकावून गेला.
क्रमांकही बरोबर.

साडेतीनला उमगलं.
नव्या पेटीतली डिस्क उघडायला नवा ड्रायव्हर लागतो,
तो होता.
त्याच डिस्कवर होता.
उठल्याउठल्या हाती लागणाऱ्या
त्या चिमूटभर शिदोरीत मात्र
कुणी बांधून दिला नव्हता.

अँटॉप हिलला आमचं लॅच असंच लागायचं,
किल्ली आत खिळ्यावर,
आई बाहेर, हातात दुधाची पिशवी.
मग शेजारच्या फर्नांडिसबाईंच्या गॅलरीतून
मला आडवा करून आत सरकवायचे.
मी सात वर्षांचा, गुडघे सोललेले,
रिकाम्या घरात क्षणभर उभा राहायचो.
घर आपलंच, पण चोराच्या बाजूनं पाहिलेलं.
बाहेरून आई: अरे, उघड की!

तसाच शिरलो.
परक्या मशीनवरून, मूळ बदलून,
इथलाच आहे असं भासवत.
शिदोरी पुन्हा बांधली, ड्रायव्हरसकट.
पुन्हा सुरू केलं आणि
पडद्याकडे पाहिलं नाही, पंख्याकडे पाहिलं.

चार वाजून सात.
लॉगिन.
कर्सर लुकलुकतोय,
जणू रात्रभर काही झालंच नाही.

दमयंतीबाईंना फोन लावला.
मागे टोपल्यांचा, शिव्यांचा, इंजिनांचा गलका.
"वहीत लिहून घेतलंय सगळं," त्या म्हणाल्या,
"तुमचं होऊ दे सावकाश."
मी म्हटलं, झालंय. टाका आता.

थोडं थांबून त्यांनी विचारलं,
"वेळ कुठली टाकू,
बोट आली ती, की मी लिहिलं ती?"

अजून अकरा मशीनं हलवायची आहेत.
आली ती, मी म्हणालो.