अठ्ठ्याण्णव टक्के

निपाणीत मगदूमांच्या वखारीत शिरताना
आधी शिंक येते, मग माणसं दिसतात.
बाबगोंडा मगदूम म्हणाले, "ये. सकाळपासून बोंबलायलंय.
एक वजन घातलं की चहा पिऊन येईतोवर गोल फिरतंय.
भाचा म्हणतोय बेंगळूरहून, मामा, टाकून द्या.
म्हटलं आधी अकोळच्या पोरीला दाखवू."
अकोळची पोरगी म्हणजे मी. वय एकेचाळीस.

बोंबलत होतं खरंच,
तवंदी घाटात दुसऱ्या गिअरला अडकलेल्या ट्रकसारखं.
तीन बटणं एकदम दाबली, टास्क मॅनेजर उघडला.
सीपीयू अठ्ठ्याण्णव. मग सत्त्याण्णव. मग शंभर.
रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली
की जो जास्त खातो तो वर येतो.
वर दोघे होते. दोन अँटीव्हायरस.
एक मशिनबरोबर आलेला,
एक भाच्यानं दिवाळीत घातलेला.
हा बिलाची फाईल उघडून तपासतो.
तो बघतो, कुणीतरी फाईल उघडली, म्हणून तोही उघडतो.
मग ह्याला संशय.
दिवसभर एवढंच. बिल राहिलं बाजूला.

मगदूम चष्मा पुसत म्हणाले,
"आमच्याकडं हे काय नवीन न्हाई की."
दारावरची पाटी त्यांनी यंदा दुसऱ्यांदा रंगवलेली,
खालची ओळ वर, वरची खाली.

एक काढला. भाच्याचा. रीस्टार्ट.
आकडा बासष्टवर आला आणि तिथंच बसला.
इथं बरेच जण पैसे घेऊन उठतात.
मी पेटीवर तळहात ठेवला,
शिवलिंगला, तिथल्या कारकुनाला, म्हटलं, हात लाव.
"बिसी आगेती री," तो म्हणाला, हात झटकत.
तापलं की प्रोसेसर आपणहून हळू होतो, जीव वाचवायला.
काम तेवढंच, वेग अर्धा,
म्हणून आकडा वर.

तीन स्क्रू काढले. चौथा कधीचाच नव्हता.
आत पंख्याच्या जागी तंबाखूची गोधडी,
चिमटीत धरून सोलता येईल इतकी जाड.
"धूळ," मी म्हटलं.
"धूळ," शिवलिंग म्हणाला, कन्नडमध्ये.
ब्रश, ब्लोअर, तोंडाला ओढणी. तरी सात शिंका.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून रांगोळीसारखी उडाली.
नवी लावली, ज्वारीच्या दाण्याएवढी.
जास्त लावायची नसते.

चालू केलं. चार टक्के.
मगदूमांनी कान जवळ नेला. "बंद पडलं काय?"
चालतंय. चालताना ते असंच असतं.

मग ऐकू आलं
ज्याच्यावर पंखा इतकी वर्षं पांघरूण घालत होता ते.
पत्र्याच्या पलीकडं चाळणीवर बसलेल्या बायका.
एक खोकली. ती थांबली तशी दुसरी.
कुणालाच घाई नव्हती.
ऊन सरकावं तसा खोकला ओळीनं सरकत गेला.
त्या ओळीत माझी आई शेवटून तिसरी बसायची.
तिच्या एक्स-रेची पाकिटं अजून ट्रंकेवर आहेत,
मी कधी उजेडात धरली नाहीत.

मगदूम अगदी मनापासून म्हणाले,
"मशिनला काचेची खोली करतो. धूळ जायला नको.
एसी पण बसवू."
साडेचारशे दिले, वर पन्नास.
मी पावती लिहिली:
सफाई, पेस्ट, एक प्रोग्राम काढला.

नळावर ब्रश धूत होते, कल्लव्वा पाणी प्यायला आली.
तपकिरी पाणी मोरीत जाताना बघत राहिली.
"लई निघालं गं. मशिनमधनं?"
हो म्हटलं.
तिनं ब्रश घेतला, केस बोटानं वाकवून बघितले.
"लांब दांड्याचा मिळतोय काय?"
आणि हसायला लागली,
हसता हसता ढास लागली.
नळ तसाच सोडून मी तिची पाठ चोळत राहिले,
ब्रश तिच्या मुठीत.