दुरुस्ती

बाराला पाच कमी असताना मी वही मिटली.
वेंगुर्ल्याच्या बर्फ-फॅक्टरीत या वेळी दोघंच जागी असतात,
कॉम्प्रेसर आणि मी.
तीनला होड्या सुटतील, त्याआधी
एकशेचाळीस लाद्या मोजून द्यायच्या.
आणि बारा वाजता, बारा वर्षांनी,
‘फुटका मचवा’चा अल्बम येणार. नाव: दुरुस्ती.

नाव वाचूनच मी धसकले होते.
दुरुस्त करा म्हणून सांगितलं कोणी?
पाणी आत येत होतं म्हणून तर
आम्ही बसलो होतो त्यात.

पहिलं गाणं स्वच्छ.
इतकं, की एकेक तार
वेगळी धुऊन वाळत घातल्यासारखी.
हेरंबचा आवाज उतरलाय,
वरपर्यंत तो आता जातच नाही,
जिन्याच्या मधल्या पायरीवर बसतो
आणि तिथूनच हाका मारतो.
नेल्सन नाही. नेल्सन कधीच बोटीवर गेला.
त्याच्या जागी मशीन वाजतंय.
दुसऱ्या गाण्यात मी कान लावून बसले,
जिथे तो नेहमी अर्धा श्वास आधी घुसायचा, तिथे.
मशीन वेळेवर आलं.
वेळेवर काय, मीही येते कामाला.

सावंतवाडी, शाळेचं मैदान, नव्व्याण्णवचा डिसेंबर.
घरी सांगितलेलं, टायपिंगची परीक्षा आहे.
फिलू तिच्या भावाच्या पँटमध्ये,
कमरेला सुतळी.
तिसऱ्या गाण्यात वीज गेली,
गिटारी मेल्या, माइक मेला,
नेल्सन थांबला नाही.
कुणीतरी मोटारसायकलचा दिवा त्याच्यावर धरला,
मग आणखी एकीचा, मग मोजणं सोडलं मी.
शेवटची एसटी चुकली
आणि त्याचं वाईट वाटायला हवं होतं.

पाचवं गाणं जुनंच, ‘अर्धी खाडी’, नव्यानं वाजवलेलं.
माझ्याकडच्या कॅसेटमध्ये त्याच्या दुसऱ्या कडव्यात
फिलूची आई ओरडते, ‘चेडवांनो, भात निवता!’
टेपवरून टेपवर घेताना आत आलेली.
पंचवीस वर्षं मी ते गाणं असंच ऐकलंय.
आज दुसरं कडवं आलं आणि गेलं,
कुणी जेवायला बोलावलं नाही.

मी हेडफोन काढून ठेवले.
बोटं गार पडलेली, मन म्हणत होतं, पुरे,
माणसं म्हातारी होतात, त्यांनी घरी बसावं.
(हे मी माझ्याबद्दल बोलत नव्हते.)
फोन तसाच वाजत राहिला, क्रेटवर पालथा.
सातव्या गाण्यात हेरंब एकटाच होता
आणि मागे कॉम्प्रेसर.
त्याचा पट्टा सैल आहे, मालकाला तीनदा सांगितलंय,
दर चौथ्या फेरीला ठक् करतो,
जरा आधीच.
त्या ठक्-वर हेरंबचा आवाज असा काही टेकला
की मी हातातली पावती तशीच धरून उभी.
गाणं चांगलं आहे की पट्टा,
मला अजून सांगता येणार नाही.

दीडला शारजाहून फिलू.
‘काय गो, आयकलंस?’
‘आयकलंय.’
‘कसो वाटलो?’
मी म्हटलं, नेल्सन नाय.
तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही,
तिच्या बाजूला एसी घुमत होता.
मग म्हणाली, आठवा गाणा बरा हा.
मी म्हटलं, सातवा.
म्हणाली, तुका कधी कळलाच नाय गाण्यातला.
म्हटलं, पँट पडत होती तेव्हा सुतळी कुणी दिली?
म्हणाली, सुतळीचा आणि गाण्याचा काय संबंध?

आमचं छान पेटलं होतं
तेवढ्यात दारात बाबल आरोलकर, डोक्याला फडका,
हातात रिकामा क्रेट.
‘बाय, बर्फ देतंस
की पाणी झाल्यार देतलंस?’